चंदगडच्या हवेत गिनी पिगचे संगोपन : ऊन, ओल आणि थंडी

गिनी पिग हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर काही हजार वर्षांपूर्वी माणसाळलेला, गवतावर जगणारा आणि कृंतक गणात, म्हणजे आयुष्यभर वाढत राहणाऱ्या पुढच्या दातांनी कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणात मोडणारा लहानसा प्राणी आहे. पूर्ण वाढ झालेल्या गिनी पिगचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरते आणि नीट सांभाळ झाल्यास तो पाच ते सात वर्षे जगतो. महाराष्ट्रात हा प्राणी दीर्घकाळ प्रयोगशाळांपुरताच माहीत होता. अलीकडे मात्र बेळगाव-कोल्हापूरसारख्या शहरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून तो आसपासच्या गावांतील घरांत, बहुधा मुलांच्या हट्टापायी, येऊ लागला आहे. त्याच्या निगेविषयी जी माहिती सहज हाती लागते ती प्रामुख्याने थंड देशांतील पाळणाऱ्यांनी लिहिलेली असल्याने तिच्यात बर्फाळ हिवाळा आणि कोरडा, छोटा उन्हाळा गृहीत धरलेला असतो. चंदगड तालुक्यातील हवा या दोन्हींपैकी कशातच बसत नाही. येथे गिनी पिगला सर्वांत मोठा धोका वैशाखातल्या उन्हाचा नाही आणि पौषातल्या थंडीचाही नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भिंतीत, अंथरुणात आणि वैरणीत मुरणाऱ्या ओलीचा तो आहे, आणि म्हणून येथील पाळणाऱ्याने आपली बहुतेक तयारी पावसाळा डोळ्यांसमोर ठेवूनच करावयास हवी.

या प्राण्याच्या शरीराची ठेवण समजून घेतली की पुढील बहुतेक सूचनांचे कारण आपोआप उलगडते. गिनी पिगच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३७.२ ते ३९.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. त्याला माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही आणि कुत्र्याप्रमाणे जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग निववणेही त्याला फारसे साधत नाही. विरळ केसांच्या पातळ कानांतील रक्तवाहिन्या आणि श्वासोच्छ्वास या दोन वाटांनीच प्रामुख्याने तो अंगातील जादा उष्णता बाहेर टाकू शकतो. आखूड मान, ठेंगणे पाय आणि गोलसर, दाट केसांचे शरीर ही ठेवण पर्वतावरच्या थंड व कोरड्या हवेत उष्णता धरून ठेवण्यासाठी उपयोगी असते, परंतु उकाड्यात तीच त्याच्यावर उलटते. सर्वसाधारणपणे १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात गिनी पिग सुखात राहतो. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या निगेसाठी जगभर आधारभूत मानल्या जाणाऱ्या अमेरिकी मार्गदर्शिकेच्या २०११ च्या आवृत्तीत त्याच्यासाठी २० ते २६ अंश तापमान आणि ३० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता सांगितली आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प धरू शकते, त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात तिच्यात किती बाष्प आहे याचे प्रमाण. तापमान तिशीच्या पुढे गेले की धोका सुरू होतो, आणि हवा दमट असेल तर तो त्याआधीच सुरू होतो, कारण बाष्पाने भरलेल्या हवेत श्वासावाटे उष्णता नीट बाहेर पडत नाही. तापमान व आर्द्रता ही दोन्ही दाखविणारे लहान यंत्र आता स्वस्तात मिळते. ते पिंजऱ्याच्याच उंचीवर टांगावे, भिंतीवर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर नव्हे.

चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यालगत वसलेला असून त्याच्या पश्चिमेला घाट उतरताच सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांमध्ये गणले जाणारे आंबोली येथून जवळच आहे. पारगड, तिलारीनगर या पश्चिमेकडील भागात पाऊस आणि धुके दिवसचे दिवस हटत नाहीत, तर पूर्वेकडे कोवाडच्या बाजूला पाऊस पुष्कळच कमी होतो. त्यामुळे एकाच तालुक्यातील दोन गावांत एकच सल्ला सारख्याच प्रमाणात लागू पडेल असे मानता येत नाही. उन्हाळा देशावरच्या मानाने सौम्य असला तरी मार्च-एप्रिलमध्ये दुपारचे तापमान तिशी सहज ओलांडते, मे महिन्यात वळवाच्या सरींबरोबर उकाडा दमट होतो, आणि थंडीच्या दिवसांत दुपार उबदार असली तरी पहाट धुक्याची व बोचरी असते. तापमानातील असा झपाट्याचा बदल या प्राण्याला संथ, सलग थंडीपेक्षा जड जातो.

म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय जागेचा आहे. थंड देशांत गिनी पिग बागेतील लाकडी खुराड्यात ठेवण्याची पद्धत आढळते. चंदगडात परड्यात किंवा उघड्या पडवीत त्याला कायमचे ठेवणे योग्य नाही. पावसाची झड प्रामुख्याने पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूने येत असल्याने त्या बाजूच्या भिंती श्रावण संपेपर्यंत ओल धरतात, आणि अशा भिंतीला टेकवलेला पिंजरा आतून कितीही स्वच्छ ठेवला तरी कोरडा राहत नाही. जुन्या कौलारू घरात माजघर ही सर्वांत चांगली जागा ठरते, कारण तिच्या चारही बाजूंना खोल्या असल्याने झड, थेट ऊन आणि पहाटेचा वारा यांपैकी काहीच तेथपर्यंत पोहोचत नाही. त्यातही स्वयंपाकघराला लागून असलेली आतली भिंत मिळाली तर उत्तम, कारण चुलीची ऊब त्या भिंतीत दिवसभर टिकते. पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगराळ खेड्यांत गिनी पिग आजही स्वयंपाकघरातच वाढविले जातात. मात्र ऊब हवी म्हणून धूर पत्करू नये. या प्राण्याची श्वसनसंस्था नाजूक असते आणि साध्या जळणाचा धूर, डासांच्या अगरबत्तीचा धूर, ओल घालविण्यासाठी केलेली धुरी या सर्वांचा तिला त्रास होतो. काजूच्या टरफलातील तेल दाहक असल्याने टरफले जळणात वापरली जात असतील, तर त्या धुरापासून प्राण्याला विशेष जपावे. गोठा हीदेखील वर्ज्य जागा समजावी, कारण तेथे मुताचा उग्र वास, माश्या आणि ओल ही तिन्ही एकत्र असतात. कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा सशांबरोबर गिनी पिग ठेवू नयेत; ससे आणि कुत्रे स्वतः आजारी न दिसताही बोर्डेटेला नावाचा जिवाणू बाळगून असू शकतात, आणि गिनी पिगला त्यामुळे प्राणघातक न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसांचा दाह होतो.

पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर किंवा भक्कम घडवंचीवर, साधारण दोन फूट उंच ठेवावा. थंड हवा खाली साचते, सारवलेली जमीन किंवा फरशी पावसाळ्यात पाझरते, आणि उंदीर-घुशींच्या अंगावरील पिसवा जमिनीलगतच वावरतात. या शेवटच्या कारणाला महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासातील आधार आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत प्लेगचा शोध घेणाऱ्या संशोधकांनी परळ येथे मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत आणि शहरातील प्लेगग्रस्त घरांत गिनी पिग सोडून पाहिले, तेव्हा जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्यांना पिसवा चावून प्लेग झाला; परंतु पिसवांची उडी पोहोचणार नाही अशा, सुमारे दोन फूट उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी सुरक्षित राहिले. आज प्लेगची धास्ती नसली तरी पिसवा, मुंग्या आणि ओल यांना उंची आजही लागू पडते. पिंजऱ्याचा तळ जाळीचा नसावा, सपाट व भरीव असावा, आणि बाजूंची जाळी अर्ध्या इंचाहून मोठी नसावी, कारण पावसाळ्यात घरात शिरणारे साप, मांजरे आणि घुशी यांच्यापासून अन्य संरक्षण नसते. जोडीसाठी साधारण चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा आवश्यक असते; अरुंद पिंजऱ्यात एक कोपरा तापला किंवा ओला झाला तर प्राण्याला सरकायला दुसरा कोपरा उरत नाही.

पावसाळ्यातील ओल प्राण्याला नेमकी कशी मारते, हे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण पाळणाऱ्याला दिसते ती शेवटची पायरी असते. कोरड्या केसांच्या थरात हवा अडकून राहते आणि ती अंगाची ऊब टिकवते; केस दमट झाले की तो थर मोडतो आणि वीस-बावीस अंशांच्या सौम्य हवेतही प्राण्याला गारठा लागतो. त्याच वेळी लघवीने भिजलेले अंथरूण न वाळल्याने त्यातील जिवाणू अमोनिया हा झोंबणारा वायू तयार करतात, आणि तो नाक व श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला इजा करतो. एरवी त्या अस्तरावर अडून राहिलेले जंतू मग फुप्फुसात उतरतात. माणसाला उभ्याने हा वास येत नाही. म्हणून दररोज एकदा पिंजऱ्यापाशी बसून, नाक प्राण्याच्या नाकाच्या पातळीवर आणून श्वास घ्यावा. डोळे किंचित जरी चुरचुरले, तरी अंथरूण त्याच क्षणी बदलावे. दुसरी परीक्षा हाताची आहे. हाताची पालथी बाजू अंथरुणाखाली, विशेषतः प्राणी जेथे झोपतो त्या कोपऱ्यात सरकवावी. बोटांना गारवा जाणवला तर वरून कोरडे दिसणारे अंथरूण खालून ओले झाले आहे असे समजावे.

सुती कापड किंवा जुन्या गोधडीचे तुकडे ही आठ महिन्यांसाठी चांगली सोय आहे, परंतु आषाढात धुतलेले कापड वाळतच नाही, ही येथील घराघरातील अडचण लक्षात घेता पावसाळ्यात वर्तमानपत्राचा जाड थर आणि त्यावर भरपूर सुके गवत अशी रचना अधिक व्यवहार्य ठरते. कागदाचा वरचा भिजलेला थर रोज काढून टाकता येतो. भाताचे तूस घराघरात उपलब्ध असले तरी त्याची टोकदार कणी डोळ्यांत आणि नाकात जात असल्याने ते अंथरुणासाठी टाळावे. सुताराकडील लाकडाचा भुसा वापरायचा झाल्यास तो बारीक धुळीसारखा नसावा, रंध्याच्या जाडसर कातरणांचा असावा आणि प्लायवूड, रंगीत लाकूड किंवा देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा मुळीच नसावा. ओल्या अंथरुणाचा आणखी एक परिणाम पायांवर दिसतो. गिनी पिगचे तळवे उघडे, केसरहित असतात. सतत ओलसर पृष्ठभागावर राहिल्याने ते लाल होतात, सुजतात आणि त्यांना जखमा होतात. हा तळव्यांचा दाह एकदा खोलवर गेला की बरा होण्यास महिने लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्राणी हातात घेऊन चारही तळवे उजेडात पाहावेत. कातडीवर गोल, खपलीचे, केस गळालेले डाग दिसल्यास बुरशीचा संसर्ग, म्हणजे गजकर्णाचाच प्रकार संभवतो, आणि तो माणसाला, त्यातही लहान मुलांना लागतो.

वैरणीची तयारी मात्र पावसाच्या कितीतरी आधी करावी लागते. गिनी पिगच्या आहाराचा मुख्य भाग सुके गवत हाच असला पाहिजे, कारण सतत वाढणारे दात झिजण्यासाठी आणि आतड्यांची हालचाल चालू राहण्यासाठी त्यातील तंतू अपरिहार्य असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास डोंगरउतारावरचे गवत कापून वाळविले जाते, तेव्हाच जोडीसाठी चार महिन्यांचे म्हणून पंधरा-वीस किलो बारीक काडीचे, हिरवट रंगाचे, सुवासिक गवत वेगळे काढून ठेवावे. ते बाहेरच्या गंजीत न ठेवता गोणपाटात भरून माळ्यावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेले गवत आतल्या आत घामेजते. देताना प्रत्येक मूठ झटकून पाहावी. भुरकट पूड उडाली, काळे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला तर ते गवत गुरांनाही घालू नये, मग गिनी पिगची गोष्टच नको. बुरशीपासून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाला गिनी पिग फार संवेदनशील असतो आणि त्यामुळे त्याचे यकृत निकामी होते. याच कारणास्तव शेंगपेंड, मका किंवा गुरांचे तयार पशुखाद्य त्याला देणे टाळावे. सरकी पेंड तर मुळीच देऊ नये, कारण तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य रवंथ न करणाऱ्या प्राण्यांना विषारी असते.

पावसाळ्यात चहूकडे हिरवेगार गवत असताना साठवलेले गवत कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. ताजे गवत चांगलेच असते, पण ते भिजलेले असताना ढीग करून ठेवल्यास काही तासांत आतून तापते आणि आंबते, आणि असे गवत खाल्ल्याने पोट फुगून प्राणी दगावू शकतो. कापून आणलेले गवत पाण्याने धुऊन, झटकून, पंख्याखाली एकेरी पसरावे आणि अंगचे पाणी निथळल्यावरच घालावे. शेताच्या बांधावरील गवतावर उंदरांचे मूत्र पडलेले असू शकते आणि त्यातून लेप्टोस्पायरा या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो. गिनी पिगमध्ये तो इतका सहज वाढतो की लेप्टोस्पायरोसिसच्या संशोधनात हाच प्राणी वापरला गेला. उसाच्या किंवा भाताच्या बांधावर तणनाशक फवारले गेले आहे का, याची शेजाऱ्याकडे चौकशी केल्याशिवाय तेथील गवत आणू नये.

याच दिवसांत माश्यांचा उपद्रव वाढतो. पातळ शेणामुळे किंवा लघवीने गुदभागाचे केस चिकट झाले की माश्या तेथे अंडी घालतात, आणि एका दिवसात अळ्या बाहेर पडून जिवंत कातडी पोखरू लागतात. लांब केसांच्या प्राण्याचे मागील केस जूनआधीच कातरावेत आणि पावसाळ्यात रोज एकदा तो भाग पाहावा. प्राणी मळला म्हणून पावसाळ्यात आंघोळ घालू नये. मळलेला भागच कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. नदीकाठच्या घरांनी वाहतुकीचा छोटा पिंजरा, आठवड्याचे गवत आणि पाण्याची बाटली तयार ठेवावी, कारण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ताम्रपर्णीचे पाणी कोवाडच्या बाजारपेठेत शिरले होते, आणि अशा वेळी घरातील माणसे व गुरे हलविण्याच्या गडबडीत हा लहान जीव मागे राहण्याची शक्यता अधिक असते.

उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीअखेर सुरू करावी. कौलांखालील खोली आणि पत्र्याखालील खोली यांतील फरक माणसालाही जाणवतो. पत्र्याची उष्णता थेट खाली उतरत असल्याने बाहेरच्या हवेपेक्षा आतील हवा अधिक तापते. पत्र्याच्या खोलीशिवाय पर्याय नसेल तर पत्र्यावर उसाच्या पाचटाचा किंवा पेंढ्याचा थर पसरून त्यावर दोरी ताणावी, आणि अकरा ते चार या वेळात पिंजरा घरातील सर्वांत गार कोपऱ्यात हलवावा. सकाळी सावलीत असलेली जागा दुपारी तीनला उन्हात येते, ही गोष्ट नजरेआड झाल्यानेच अनेक प्राणी दगावतात. म्हणून पिंजरा ठेवण्याआधी एक दिवस त्या जागेवरून ऊन कसे सरकते ते पाहावे. ओले गोणपाट खिडकीला लावण्याची पद्धत मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फार उपयोगी आहे, कारण पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते. परंतु मे महिन्यात हवा दमट झाल्यावर बाष्पीभवन मंदावते आणि तेच गोणपाट खोलीतील दमटपणा वाढविते, तेव्हा ते काढून टाकावे. पंख्याविषयीही असाच विचार करावा. घाम येत नसल्याने गरम हवेचा झोत या प्राण्याला निववत नाही. खोलीतील हवा खेळती राहील इतपतच, अंगावर झोत येणार नाही अशा दिशेने पंखा लावावा. वीज जाण्याचे प्रमाण लक्षात घेता विजेवर न चालणारी सोय हाताशी असणे अधिक महत्त्वाचे आहे. शहाबादी फरशीचा एक तुकडा रात्रभर गार जागी ठेवून दुपारी पिंजऱ्यात ठेवला, किंवा जुना माठ आडवा करून आत विसावण्याची जागा केली, तर प्राणी आपण होऊन पोट टेकवून त्यावर पसरतो. बर्फ केलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका कडेला ठेवता येते, मात्र तिला सुटणारे पाणी अंथरुणात मुरू देऊ नये.

गिनी पिगला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पाणी लागते, आणि उकाड्यात त्याहून अधिक. बाटलीच्या नळीतील गोळी अडकून पाणी बंद झाल्याचे अनेकदा संध्याकाळपर्यंत लक्षात येत नाही, म्हणून दोन बाटल्या लावाव्यात आणि रोज सकाळी दोन्हींच्या टोकाला बोट लावून थेंब येतो की नाही ते पाहावे. काकडी व कोथिंबीर या दिवसांत दिल्यास पाण्याला पूरक ठरतात. गाभण मादीची विशेष काळजी घ्यावी. तिचा गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, म्हणजे या आकाराच्या प्राण्याच्या मानाने बराच लांब असतो आणि शेवटच्या आठवड्यांत पोटातील वजनामुळे तिला उष्णता सहन होत नाही, म्हणून मार्च ते मे या काळात वीण होऊ न देणेच चांगले. बाजारातून किंवा दवाखान्यातून प्राणी न्यायचा असेल तर प्रवास पहाटे करावा. उभ्या मोटारीत पाच मिनिटेही त्याला सोडू नये.

उष्माघात, म्हणजे शरीराचे तापमान नियंत्रणाबाहेर वाढून अवयव निकामी होऊ लागण्याची अवस्था, ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. प्राणी लांबट होऊन कुशीवर पडतो, श्वास उथळ व भरभर चालतो, तोंडातून लाळ गळून हनुवटी ओली होते, कान लालबुंद व गरम लागतात, आणि पुढच्या टप्प्यात झटके येतात. अशा वेळी त्याला तत्काळ गार जागी न्यावे, साध्या थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्याने कान, पाय आणि पोट पुसावे व हलका वारा घालावा. बर्फाच्या पाण्यात बुडविणे घातक आहे, कारण त्यामुळे कातडीतील रक्तवाहिन्या आकसून आतली उष्णता आतच कोंडली जाते. शुद्धीवर असेल तर ओठांच्या कडेने थेंबथेंब पाणी द्यावे, बळजबरीने मुळीच पाजू नये. प्राणी सावरल्यासारखा वाटला तरी पशुवैद्याकडे न्यावे, कारण आतील अवयवांची हानी एक-दोन दिवसांनी प्रकट होऊ शकते.

थंडीविषयी थोडक्यात सांगता येते, कारण कोरडा असलेला आणि जोडीने राहणारा गिनी पिग चंदगडच्या थंडीला सहसा पुरून उरतो. तापमान १५-१६ अंशांच्या खाली उतरू लागले की पिंजऱ्यात लाकडी किंवा पुठ्ठ्याची झोपण्याची पेटी ठेवून ती गवताने भरावी, रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजूंवर घोंगडे टाकावे आणि हवेसाठी चौथी बाजू मोकळी सोडावी. शेगडी किंवा उघडा दिवा गवताजवळ ठेवल्यास आग लागण्याचा धोका असतो. त्याऐवजी गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवावी, म्हणजे प्राण्याला नको तेव्हा दूर सरता येते. धुके विरल्यावर कोवळ्या उन्हात, निम्मी सावली ठेवून, थोडा वेळ बाहेर काढणे हितकारक आहे. अंग गार, हालचाल मंद आणि प्राणी गोळा होऊन बसलेला आढळल्यास त्याला छातीशी धरून, उबदार कापडात हळूहळू ऊब द्यावी.

ऋतू कोणताही असो, क जीवनसत्त्व हा या प्राण्याच्या तब्येतीचा पाया आहे. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात ते तयार होत नाही. नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिच यांनी १९०७ मध्ये याच प्राण्यावर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग निर्माण करून दाखविला होता. दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम ही त्याची गरज असून सुक्या गवतात ते जवळजवळ नसते. ते कमी पडले की हिरड्या व सांधे दुखतात, जखमा भरत नाहीत आणि थंडी-ओलीचे आजार लवकर जडतात. पावसाळ्यात पेरूची लहान फोड, हिवाळ्यात आवळ्याचा तुकडा आणि बाराही महिने कोथिंबीर व ढोबळी मिरची ही सोय येथे सहज होते. पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्व मात्र काही तासांतच नष्ट होत असल्याने त्यावर विसंबू नये.

गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी असल्याने आजार लपविण्याकडे त्याची प्रवृत्ती असते, म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वारी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर टोपलीत बसवून त्याचे वजन करावे आणि वहीत नोंदवावे. पन्नास-शंभर ग्रॅमची घट हा बहुधा पहिला इशारा असतो. नाक वाहणे, डोळ्यांभोवती खपली, केस पिंजारणे ही लक्षणे त्यानंतर येतात. बारा तास काहीच न खाल्लेला गिनी पिग तातडीचा रुग्ण समजावा, कारण आतड्यांची हालचाल थांबली की ती पुन्हा सुरू करणे कठीण जाते. तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचा अनुभव प्रामुख्याने गाई-म्हशी आणि शेळ्यांचा असतो, म्हणून बेळगाव किंवा कोल्हापुरातील लहान प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक आधीच मिळवून ठेवावा. घरातील माणसांसाठी आणलेल्या गोळ्या त्याला देऊ नयेत. अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन यांसारखी पेनिसिलिन वर्गातील प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मरतात, विषारी जिवाणू फोफावतात आणि किरकोळ सर्दीचा प्राणी काही दिवसांत दगावतो.

नवा प्राणी आणण्याचा काळही यावरूनच ठरतो. एप्रिल-मेमध्ये दुकानातून आणलेला गिनी पिग प्रवासातील उकाड्याने आधीच खचलेला असतो आणि जूनमध्ये आणलेल्याला नव्या घराची सवय होण्याआधीच ओल गाठते. दिवाळीनंतर, गवत कापून वाळलेले असताना आणि हवा कोरडी असताना तो आणला, तर पुढील पावसाळ्यापर्यंत त्याला सात महिने मिळतात. त्याआधीच्या पावसाळ्यात मात्र पाळू इच्छिणाऱ्याने आपल्याच घरात पाहणी करावी, आषाढात कोणती भिंत कोरडी राहते, कोणत्या खोलीत कपडे वाळतात, माळ्यावरील गवताला वास येतो का, याची नोंद ठेवावी. आणि पावसाळाभर कोरडी राहणारी एकही खोली घरात आढळली नाही, तर त्या घराने गिनी पिग आणू नये.